शाळेत बुद्धिबळ शिकवायला बाहेरून कोच आणावा की गावातलेच लोक तयार करावेत?

कोरेगावची_गणितबाई

नमस्कार मंडळी, मी सातारा जिल्ह्यात एका अनुदानित शाळेत पाचवी ते सातवीला गणित शिकवते. २०२५ मध्ये दिव्या देशमुखने जॉर्जियात बातुमीला महिलांचा बुद्धिबळ वर्ल्ड कप जिंकला तेव्हापासून आमच्या मुलींच्या तोंडी एकच विषय आहे, नागपूरची मुलगी करू शकते तर आम्ही का नाही, आणि मुख्याध्यापकांनीही मनावर घेतलंय. माजी विद्यार्थ्यांनी सेट घेऊन दिलेत, शनिवारी शाळा सुटल्यावर दोन तास मिळालेत. आता प्रश्न आहे शिकवणार कोण. साताऱ्याहून कोच यायला तयार आहेत पण त्यांची फी दर महिन्याला शाळेला झेपणार नाही, देणगी संपली की वर्ग बंद. दुसरीकडे गावातच मी, पीटीचे सर, मुलांच्या दोन-तीन आया आणि एक रिटायर्ड पोस्टमास्तर काका असे वेळ देणारे लोक आहेत, पण स्पर्धा कोणीच खेळलेलं नाही, काका सोडले तर बाकीच्यांना सोंगट्या कशा चालतात एवढंच येतं. अशांनी शिकवावं का, की मुलांना चुकीच्या सवयी लागतील?

आणि दुसरं, जिल्ह्याची अंडर ११ आणि अंडर १३ निवड स्पर्धा येतेय. पालक म्हणतात पाठवा. मला भीती वाटते की मुलं सगळे डाव हरून येतील आणि परत पटाला हात लावणार नाहीत. अनुभवी लोकांनी सांगा प्लीज.

उंट_तिरका

ताई, बिनधास्त शिकवा. मी पुणे जिल्ह्यात शिक्षक आणि पालकांना हेच शिकवतो, म्हणजे बुद्धिबळ शिकवायचं कसं ते, आणि माझं ठाम मत आहे की प्राथमिक शाळेत सुरुवातीची दोन वर्षं वर्ग सांभाळता येणारा माणूस हवा, रेटिंगवाला, म्हणजे स्पर्धा खेळून ताकदीचा अधिकृत आकडा मिळवलेला, नसला तरी चालतं. चांगला खेळाडू चाळीस पोरांसमोर उभा राहिला की दहाव्या मिनिटाला सिसिलियनसारखी अवघड ओपनिंग सांगायला लागतो आणि मागच्या बाकांवर हत्ती-उंटांचे मनोरे रचणं सुरू होतं. तुम्हाला वर्ग कळतो, कुठल्या पोराला कुणाशेजारी बसवायचं नाही हे कळतं, ते कोचला वर्षभर येत नाही.

पण मोठ्यांची तयारी आधी नीट करून घ्या. आधी त्यांनाच पोरांसारखं बसवायचं. पहिल्या दिवशी फक्त प्यादी, दोन्हीकडे आठ-आठ, राजा नाही वजीर नाही काही नाही, ज्याचं प्यादं आधी पलीकडच्या टोकाला पोचेल तो जिंकला. दिसायला एवढंसं, पण प्यादं सरळ चालतं नि तिरकं मारतं हे ह्याच्यातच पक्कं होतं, समोरासमोर प्यादी अडकली की दुसरीकडे वाट शोधावी लागते आणि एक घर आधी की नंतर ह्याने डाव कसा फिरतो तेही दिसतं. मग एकटा वजीर विरुद्ध आठ प्यादी. मग राजे ठेवायचे. पूर्ण बत्तीस सोंगट्यांचा डाव चौथ्या-पाचव्या आठवड्याला आला तरी बिघडत नाही, उलट पहिल्याच दिवशी पूर्ण पट मांडून दिला की पोरं नुसत्या सोंगट्या मारत सुटतात.

मोठ्यांना पक्कं काय यायला हवं? नियम, एकही शंका न ठेवता. कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) कधी चालत नाही, म्हणजे राजाला शह असताना नाही, शहाच्या घरावरून जाऊन नाही, राजा किंवा तो हत्ती आधी हललेला असला तरी नाही, पण हत्तीवर मारा असला तर मात्र चालतं. एन पासां, म्हणजे दोन घरं उडी मारून आपल्या प्याद्याशेजारी आलेलं प्यादं तिरकं मारणं, फक्त लगेचच्या चालीत. स्टेलमेट म्हणजे बरोबरी, हे तर शंभरदा सांगावं लागतं कारण पोरं तीन-तीन वजीर करून बसतात आणि समोरच्या राजाला शहही नसतो नि चालही नसते. दोन हत्तींची मात, एकट्या वजिराची मात, मग एकट्या हत्तीची. आणि नोटेशन, म्हणजे डावातल्या चाली कागदावर लिहिता यायला हव्यात. एवढं जमलं की वर्षभर पुरतं.

शेवटचं, आणि मी सगळ्यात जास्त भर ह्याच्यावर देतो. चाल सांगायची नाही. डोकं खाजवत बसलेलं पोर दिसलं की मोठ्यांचं बोट आपोआप पटाकडे जातं, ते आवरायचं. विचारायचं, समोरच्याने हे का खेळलं असेल, आणि ती सोंगटी हलली तर मागे काय उघडं पडलं. बास. उत्तर चुकीचं आलं तरी खेळू द्या.

फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या, चेस इन एज्युकेशन कमिशनचा शाळेतल्या शिक्षकांसाठी ऑनलाइन कोर्स असतो, तो केला की स्कूल इन्स्ट्रक्टर टायटलसाठी अर्ज करता येतो. पीटीच्या सरांना करायला सांगा, पण त्याच्यासाठी थांबू नका.

रेटेड_मुलाचे_बाबा

वरच्या सरांशी थोडा असहमत. माझा मुलगा नियमित स्पर्धा खेळतो म्हणून सांगतो, ओपनिंगचं, म्हणजे डावाच्या सुरुवातीचं, तत्त्व न कळता दोन वर्षं खेळलेल्या मुलाच्या सवयी मोडताना कोचला घाम फुटतो. वजीर लवकर बाहेर काढायचा, चार चालींची मात लावायची, लागली की टाळ्या. शाळेत हेच चालतं आणि जरा बरा प्रतिस्पर्धी भेटला की मुलगा वजीर घालवून बसतो. महिन्यातून एकदा तरी खरा कोच आणा.

उंट_तिरका

महिन्यातून एकदा कोच आणायला माझी काहीच हरकत नाही, जरूर आणा, पण त्या दिवशी त्यांनी मोठ्यांनाही शिकवावं, नाहीतर मधले तीन आठवडे परत पाटी कोरी. आणि चार चालींच्या मातेवर उपाय सोपा आहे, ती सगळ्या वर्गाला एकाच दिवशी शिकवून टाकायची आणि लगेच अडवायची कशी तेही. मग कुणी लावतच नाही.

काळा_वजीर_काळ्या_घरात

मी आर्बिटर, म्हणजे बुद्धिबळ स्पर्धेतली पंच आहे, स्पर्धेचं मी सांगते.

पाठवा. सगळे डाव हरण्याची जी भीती आहे ती स्विस पद्धतीमुळे बरीच कमी होते, इथे हरलं म्हणून कुणी बाहेर जात नाही, पहिला डाव हरलेला पुढच्या फेरीत हरलेल्याशीच लागतो, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत आपल्या ताकदीचं कुणीतरी समोर येतंच. मुलं विषम संख्येत असली तर शेवटच्या एकाला बाय मिळतो, म्हणजे त्या फेरीत त्याला डाव नसतो, पण त्याचा पूर्ण गुण असतो, तेवढं मुलाला आधी सांगून ठेवा नाहीतर आपल्याला खेळायला दिलं नाही म्हणून रडत बसतात.

पण खेळ येतो आणि स्पर्धेत बसता येतं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाळेत स्पर्धेची रंगीत तालीम करा, घड्याळ असेल तर घड्याळासकट. ज्या हाताने चाल त्याच हाताने घड्याळ. सोंगटीला हात लावला की तीच खेळायची, नुसती नीट घरात ठेवायची असेल तर आधी ॲडजस्ट म्हणायचं. आणि काहीही अडलं, समोरचा बोलतोय, चुकीची चाल केली, घड्याळ बंद पडलं, तर घड्याळ थांबवून हात वर करायचा आणि आर्बिटरला बोलवायचं. पहिल्यांदा आलेली मुलं हेच करत नाहीत, लाजतात.

एक प्रसंग मी दर स्पर्धेत बघते. नऊ-दहा वर्षांचा मुलगा शह देतो आणि जोरात म्हणतो मात. समोरची मुलगी क्षणभर पटाकडे बघते, त्याच्या आवाजानेच गडबडते, हात मिळवते, निकालाच्या चिठ्ठीवर सही करते आणि बाहेर जाते. बाहेर आई नोटेशन बघून म्हणते अगं उंट मध्ये घालता येत होता की. दोघी धावत येतात. तोवर सोंगट्या परत मांडून झालेल्या असतात, सह्या झालेल्या असतात, मी काही करू शकत नाही. म्हणून मुलांना एवढं शिकवाच, समोरचा मात म्हणाला की हात मागे ठेवून तीन गोष्टी बघायच्या, राजाला पळायला घर आहे का, शह देणारी सोंगटी मारता येते का, मध्ये काही घालता येतं का. तिन्हींचं उत्तर नाही आलं तरच हात पुढे करायचा.

बाकी, नाव नोंदणी कुठे करायची आणि जन्मतारखेचा कुठला दाखला लागतो हे जिल्हा संघटनेकडून आधीच विचारून घ्या, ऐन दिवशी गेटवर गोंधळ होतो. खेळाच्या हॉलमध्ये पालक चालत नाहीत, त्यांची बाहेर बसायची सोय बघा. आणि निवड स्पर्धेशिवाय जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या शालेय क्रीडा स्पर्धांतही बुद्धिबळ आहे, तिथे गट अंडर १४, १७, १९ असे असतात. सातवीच्या मुलांना तिथे शाळेचं नाव लावून खेळता येतं आणि मुलांना त्याचं फार अप्रूप असतं.

कोरेगावची_गणितबाई

किती नीट लिहिलंत तुम्ही सगळ्यांनी, खूप खूप धन्यवाद. तीन प्रश्नांची प्रिंट काढून वर्गात लावते. एक नाजूक गोष्ट विचारायची आहे. पोस्टमास्तर काका आमच्यात सगळ्यात चांगले खेळतात पण त्यांचे नियम वेगळे आहेत, प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर, राजाला एकदा घोड्यासारखी उडी, आणि प्यादं पलीकडे गेलं की ज्या घरात पोचलं त्या घराची सोंगटी मिळते. मुलांनी ते उचललं तर स्पर्धेत पंचाईत. काकांना कसं सांगू, ते मनापासून येतात.

सांगलीकर

ताई, काका चुकीचं खेळत नाहीयेत, ती आपली देशी पद्धत आहे, आमच्या आजोबांच्या पिढीत घरोघरी तशीच खेळायचे. त्यांना तेच सांगा, की काका तुमचा खेळ जुना भारतीय आहे आणि स्पर्धेत आंतरराष्ट्रीय नियम असतात, मुलांना ते लागतील. फरक सांगणारा एक तास त्यांनाच घेऊ द्या, दोन पट मांडून, एकावर देशी एकावर आंतरराष्ट्रीय. त्यांचा मान राहील आणि मुलांचा गोंधळही जाईल. आणि ज्याने देशी पद्धतीने आयुष्यभर डाव खेळलेत त्याला शेवटच्या टप्प्यात राजा कसा पुढे न्यायचा ते रक्तात असतं, पोरांना राजा-प्यादं त्यांच्याकडूनच शिकू द्या.

आमच्या सांगलीत बुद्धिबळ टिकलं ते असंच. भाऊसाहेब पडसलगीकरांनी आणि नूतन बुद्धिबळ मंडळाने वर्षानुवर्षं स्पर्धा भरवल्या, बाहेरगावची पोरं येऊन खेळून जायची. मोठा खेळाडू एखादाच होतो, पण स्पर्धा भरवणारे, पट मांडणारे, पोरांना घेऊन जाणारे लोक गावात असावे लागतात. तुमच्याकडे ते आत्ताच पाच-सहा आहेत.

लंडनहून_एक_आई

थोडं लांबून लिहितेय. इथे इंग्लंडमध्ये चेस इन स्कूल्स अँड कम्युनिटीज नावाची संस्था सरकारी शाळांमधून बुद्धिबळ शिकवते, मी मुलाच्या शाळेत त्यांच्या वर्गाला मदत करते. गणिताच्या बाई आहात म्हणून मुद्दाम सांगते, पालकांना बुद्धिबळाने गणिताचे मार्क वाढतात असं सांगू नका. इथे १०० प्राथमिक शाळांमध्ये त्याची मोठी चाचणी झाली, इथल्या पाचवीच्या, म्हणजे नऊ-दहा वर्षांच्या, मुलांना ३० तास बुद्धिबळ शिकवलं, आणि २०१६ मध्ये निकाल आला की वर्षभरानंतरच्या गणितात काही फरक दिसला नाही. म्हणून बुद्धिबळ वाईट ठरत नाही. पण मार्कांसाठी आणलेला पट मार्क न वाढल्यावर कपाटात जातो. मुलं शांत बसून समोरच्याचा विचार करतात, आमच्याकडे इंग्रजी धड न येणारं नवीन आलेलं मूल पहिल्या आठवड्यात पटावर सगळ्यांच्या बरोबरीला येतं, हे मी स्वतः बघितलंय आणि मला तेवढं कारण पुरतं.

आर्मेनियाने २०११ मध्ये शाळेत बुद्धिबळ सक्तीचं केलं, दुसरी ते चौथी, आणि त्यासाठी त्यांना शिक्षकच तयार करावे लागले. प्रत्येक शाळेला पुरतील इतके मास्टर कुठल्याच देशात नसतात हो.

मुलीची_आई_वर्धा

एक कळकळीची विनंती, मुलींकडे लक्ष ठेवा. पाचवीत वर्गात अर्ध्या मुली असतात आणि आठवी आली की दोन उरतात. आमच्याकडे असंच झालं. खेळ आवडत नाही असं नसतं, स्पर्धा दुसऱ्या गावी असते, रात्री उशिरा परत यायचं, बरोबर जाणारं बाईमाणूस कुणी नाही म्हणून घरचे नको म्हणतात. तुमच्या गटात आया आहेत ना, त्यांना नुसतं शिकवायला ठेवू नका, टीम मॅनेजर म्हणून पाठवा. आमच्या शाळेत एक आई सोबत जायला लागली आणि त्या वर्षी एकही मुलगी गळली नाही. दिव्याच्या आईवडिलांनी, दोघेही डॉक्टर, तिला लहानपणापासून कुठे कुठे नेलं असेल, २०१४ ला डर्बनला अंडर १० वर्ल्ड जिंकली तेव्हा ती आठ वर्षांची होती. सगळ्यांच्या घरून ते जमत नाही, तिथे शाळेने पुढे व्हायला हवं.

रेटेड_मुलाचे_बाबा

हे मात्र शंभर टक्के पटलं. आणि ताई, पालक लगेच रेटिंगचं विचारतील. त्यांना सांगा की २०२४ च्या मार्चपासून फिडेचं रेटिंग १४०० पासून सुरू होतं, त्याच्या खाली आकडा मिळतच नाही, आणि पहिल्या रेटिंगसाठी रेटेड खेळाडूंशी किमान पाच डाव व्हायला लागतात. नवशिक्या मुलाला रेटिंग स्पर्धांच्या मागे पळवून पैसे घालवू नयेत, आधी आजूबाजूच्या चार शाळा एकत्र करून शनिवारची छोटी रॅपिड, म्हणजे कमी वेळाच्या डावांची, स्पर्धा भरवा.

कोरेगावची_गणितबाई

ठरलं मग. काकांशी आजच बोलले, देशी-परदेशी तास घ्यायला ते एकदम तयार झाले, पट दोन आणू की चार असं विचारत होते. मोठ्यांचा वर्ग येत्या रविवारपासून, मुलांचा त्यानंतर महिन्याने. जिल्हा स्पर्धेला ज्यांची नोटेशन लिहायची तयारी होईल त्यांनाच नेऊ, सोबत दोन आया. फक्त एक राहिलं, घड्याळं आमच्याकडे नाहीत आणि डिजिटल महाग आहेत, तालमीसाठी मोबाईलवरचं ॲप चालेल का?

काळा_वजीर_काळ्या_घरात

तालमीला चालेल. फक्त फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि मुलांना आधीच सांगा की स्पर्धेत फोन खिशातही चालत नाही, वाजला तर डाव जातो. जमलं तर दोन तरी खरी घड्याळं जिल्हा संघटनेकडून आठवड्यासाठी मागून बघा, बटण किती जोरात दाबायचं ते हाताला कळायला हवं. आणि दर आठवड्याला पट बदलून प्रत्येक मुलाला एकेकदा त्याच्यावर खेळू द्या.