प्लाझ्मा गोळा : चप्पल घातली तरी तार येतेच

प्लाझ्मा गोळा म्हणजे आत वायू भरलेला काचेचा शोभेचा दिवा; काचेला बोट लावलं की आतली जांभळी तार, म्हणजे उजेडाची रेघ, तिकडे येते. काही जण म्हणतात की पायात रबरी चप्पल असली की 'अर्थिंग' (विजेला जमिनीत जायची वाट) मिळत नाही, म्हणून ती तार बोटाकडे येत नाही. हे काही पटलं नाही. आतले काही हजार व्होल्ट सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलतात. एवढ्या वेगापुढे काच काय नि चप्पल काय! काचेच्या आत आयनित (वीज वाहून नेणारा) वायू, बाहेर बोट, झाला कपॅसिटर, म्हणजे मध्ये काच ठेवून भार साठवणारी जोडी; बदलती वीज त्यातून पलीकडे पोचते. आपलं अंगच पुरेसा भार सामावून घेतं, बोटाच्या जागी विद्युतक्षेत्र वाढतं नि तार तिकडे वळते.

खानापूरला भाचीच्या शाळेतल्या प्रदर्शनात प्लास्टिकच्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसलो नि हात लावला. आली की हो! मग फिलामेंट जळलेली जुनी ट्यूब गोळ्याजवळ धरली, तर वायरीविना पेटली. मध्यावर मुठीत धरली की उजेड मुठीपर्यंतच, पलीकडे जवळजवळ अंधार. मूठ सरकवली की उजेडही सरकतो. गोळ्यावर नाणं ठेवून त्याला बोट मात्र लावू नका. बारीक ठिणगीनं माझ्या बोटाला पांढरा ठिपका पडला, दोन दिवस ठेचा-भाकरी खाताना चुरचुरत होता.