मुक्तस्रोत प्रकल्पांची चर्चा: मेलिंग लिस्ट की फोरम?

धागाकर्ता: पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या मुख्य विकासकांची चर्चा २०२२ मध्ये मेलिंग लिस्टवरून (एकाचा ईमेल सर्व सदस्यांना पोहोचवणारी यादी) डिस्कोर्स या फोरम-प्रणालीवर गेली आणि त्याच वर्षी ग्नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉप प्रकल्पानेही आपल्या लिस्ट बंद केल्या. लिनक्सचा गाभा असलेला कर्नल, कोडच्या आवृत्त्या सांभाळणारे गिट आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस हे प्रकल्प मात्र ईमेल सोडायला तयार नाहीत, आणि माझ्या मते हा जुन्या मंडळींचा नुसता हेका नव्हे. कर्नलचा पॅच (कोडमधला प्रस्तावित बदल) साध्या मजकुराच्या मेलमध्येच येतो. तपासणारा ज्या ओळीवर आक्षेप असेल तिच्या नेमका खाली आपले म्हणणे लिहितो, त्यामुळे कोड आणि त्यावरचा वाद यांची ताटातूट होत नाही. शिवाय तिथला 'लोर' (lore) हा जुन्या पत्रांचा संग्रह गिटच्या रूपात कोणालाही जसाच्या तसा उतरवून घेता येतो. फोरमवरचा मजकूर अखेर सर्व्हर चालवणाऱ्याच्या मर्जीवर असतो.

प्रतिसाद १: असहमत. अनेक लिस्टचे जुने दुवे ज्या जीमेन या पत्रसंग्रहाकडे जात, त्याचे संकेतस्थळ २०१६ मध्ये बंद पडले आणि ते दुवे निकामी झाले, तेव्हा मर्जीचा प्रश्न लिस्टलाही चुकलेला नाही. डिस्कोर्स स्वतःच मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड घेऊन कोणालाही तो चालवता येतो. दुसरे असे की, एप्रिल २०१४ मध्ये याहूने डीमार्कचे (पत्र खरोखर त्या पत्त्याच्या सेवेकडून आले का, हे तपासण्याची पद्धत) धोरण कडक केले, तेव्हा याहूच्या पत्त्यावरून लिस्टला पाठवलेली पत्रे इतर सदस्यांचे सर्व्हर नाकारू लागले, आणि पत्रे परत येतात म्हणून लिस्टने त्या बिचाऱ्या सदस्यांचीच नावे वगळली! नवख्या माणसाने एका शंकेसाठी लिस्टचे सदस्य होण्याचा एवढा व्याप का करावा? आणि भांडण पेटले तर गेलेला मेल परत घेता येत नाही. फोरमवर संचालक निदान अवांतर वेगळे काढू शकतो.

धागाकर्ता: कर्नलच्या लिस्टवर सदस्य न होताही लिहिता येते, 'सर्वांना उत्तर' देण्याची तिथली प्रथा त्यासाठीच आहे, म्हणजे बाहेरच्यालाही उत्तर पोहोचते. डीमार्कचा त्रास खरा, पण लिस्टने मजकुराला तळटीप जोडली नाही आणि विषयाची ओळ बदलली नाही, तर पाठवणाऱ्या सेवेची मूळ डिजिटल स्वाक्षरी सहसा शाबूत राहते आणि पत्र तपासणीत टिकते.

प्रतिसाद २: चर्चेच्या शाखांचे काय? ग्लोबल इंटरप्रिटर लॉक (पायथॉनचा कोड एका वेळी एकाच थ्रेडला चालवू देणारे कुलूप) ऐच्छिक करणाऱ्या पीईपी ७०३ या पायथॉनमधील बदलाच्या प्रस्तावावरची डिस्कोर्समधली चर्चा वाचून पाहा. कामगिरीचा मुद्दा, सी भाषेत लिहिलेल्या विस्तारांचा मुद्दा आणि सुसंगततेची काळजी एकाच रांगेत येतात, आणि कोण कोणाला उत्तर देतो आहे हे अवतरणांवरून ताडावे लागते. मेलमध्ये प्रत्येक उपवादाची फांदी आपोआप वेगळी दिसते.

प्रतिसाद १: दिसते, पण लोकांनी उत्तराचे बटण नीट वापरले तरच. विषयाची ओळ तीच ठेवून भलत्याच मुद्द्यावर घसरलेल्या फांद्या लिस्टवर कमी नाहीत. पॅचसाठी मेल खुशाल ठेवा. वापरकर्त्यांच्या शंकांना तोच दरवाजा दाखवण्याचे कारण मला अजून पटलेले नाही.