‘मिन्नल मुरली’ : नायकाच्या जन्मकथेत खलनायकच अधिक जवळचा का वाटतो?

धरमपेठकर (प्रश्न)

बेसिल जोसेफ यांचा ‘मिन्नल मुरली’ हा मल्याळम चित्रपट डिसेंबर २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आला, तेव्हा पाहायचा राहून गेला होता. गेल्या रविवारी घरच्यांसोबत तो हिंदीतून पाहिला. पुढे शेवटाचा उल्लेख येणार आहे, त्यामुळे ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांनी येथेच थांबावे.

कुरुक्कनमूला या खेड्यातला शिंपी जेसन आणि चहाच्या दुकानात राबणारा शिबू या दोघांवर एकाच रात्री वीज पडते आणि दोघांनाही अचाट शक्ती मिळते. आपल्या विदर्भात पावसाळा तोंडावर आला की शेतात वीज पडून माणसे दगावल्याच्या बातम्या दर वर्षी वाचाव्या लागतात. माझी आई काटोलकडच्या शेतकरी घरातली आहे, आणि तो प्रसंग सुरू झाला तेव्हा ती पदर तोंडाशी धरून बसली होती.

माझा प्रश्न नायकाविषयी आहे. २००२ च्या ‘स्पायडर-मॅन’मध्ये पीटर ज्या चोराला हातचा जाऊ देतो, तोच पुढे त्याच्या काकांचा जीव घेतो, २००८ च्या ‘आयर्न मॅन’मध्ये टोनी स्टार्क स्वतःच्याच कंपनीच्या शस्त्राने घायाळ होतो. या दोघांच्या बदलामागे स्वतःची चूक आहे, आणि म्हणूनच तो बदल पटतो. जेसनला अमेरिकेला जायचे आहे, आणि शक्ती मिळाल्यावर तो ती आधी अपमान करणाऱ्या पोलिसांवर राग काढण्यासाठी वापरतो. उलट, गावाने वेडा ठरवलेल्या आणि उषाची वर्षानुवर्षे वाट पाहिलेल्या शिबूचे दुःख गुरू सोमसुंदरम यांनी असे उभे केले आहे की उषा त्याला होकार देते त्या प्रसंगातले त्यांचे एकाच वेळचे हसणे आणि रडणे माझ्या डोळ्यांसमोरून अजून हललेले नाही. सुपरहिरोच्या पहिल्या चित्रपटात प्रेक्षकाचा जीव खलनायकात अडकत असेल, तर ते लेखनाचे अपयश मानावे का?

महालवासी

मला ते अपयश वाटत नाही. आपण एका जन्मकथेची अपेक्षा ठेवली आणि चित्रपटाने दोन सांगितल्या, एवढाच फरक आहे. २००५ च्या ‘बॅटमॅन बिगिन्स’मध्ये विहिरीत पडणे, वटवाघळांची भीती, आईवडिलांचा खून हे सगळे एका ब्रूसला घडवण्यासाठी येते, आणि त्याचा गुरू रास अल घूलदेखील अखेर त्याच कामी येतो. येथे वीज दोघांवर सारखीच पडते, म्हणजे फरक विजेत नाही. जेसनला घर आहे, वडील आहेत, शक्ती तपासून पाहायला उत्साहाने पुढे सरसावणारा भाचा आहे. शिबूच्या बाजूला उषेच्या आशेखेरीज कोणीही नाही.

आमच्या भागातून दर वर्षी तान्ह्या पोळ्याला मारबतीची मिरवणूक निघते आणि ‘इडा, पीडा घेऊन जा गे मारबत’ असे म्हणत आम्ही पुतळा गावाबाहेर नेऊन जाळतो. लहानपणापासून मी त्या गर्दीत चालत आलो आहे आणि त्या प्रथेवर माझे प्रेम आहे. पण आपण जाळतो ती प्रतिमा असते. या चित्रपटातल्या गावाने आपली सगळी इडापीडा एका जिवंत माणसावर लादली आणि त्याच्या घराला आग लावली. त्या आगीत उषा गेल्यानंतर शिबू जे करतो ते भयंकर आहे, पण ते कोठून आले हे दिग्दर्शकाने लपवलेले नाही.

प्रतापनगरची प्रेक्षक

मी आपल्या दोघांशीही पूर्ण सहमत नाही. शिबूने बँक लुटली ती घराला आग लागण्याच्या आधी, त्यामुळे सगळा दोष गावाच्या माथी मारता येत नाही. शिवाय जेसनला कारण मिळत नाही हेही खरे नाही. त्याचे जन्मदाते वडील नाटकातले नट होते आणि आगीत सापडलेल्यांना वाचवताना ते गेले, हे त्याला उशिरा कळते. जेसन नायक म्हणून घेतो ते ‘मिन्नल मुरली’ हे नावही त्यांच्या नाटकातलेच आहे. शेवटच्या लढाईत समोर पुन्हा आगच असते, आणि या वेळी आत शिरणारा मुलगा असतो. पीटरप्रमाणे त्याला अपराधाची बोच नसेल, पण वारशाची जाणीव आहे, आणि माझ्या मते नायक घडायला तीही पुरेशी आहे. ही माहिती मध्यंतराच्या आसपास अधिक ठळकपणे यायला हवी होती, एवढी तक्रार मला मान्य आहे.

धरमपेठकर

वडिलांचा धागा माझ्याकडून निसटला होता, तो लक्षात आणून दिल्याबद्दल आभार. तेवढा भाग मी पुन्हा पाहीन. तरीही शिबूचे पारडे मला अजून जड वाटते. चित्रपट संपल्यावर आईने एवढेच विचारले की गाव मुरलीचा जयजयकार करते, मग उषेसाठी कोणी रडले का? तसा प्रसंग मला दिसला नाही. आपणांपैकी कोणाच्या पाहण्यात आला असल्यास कृपया सांगावे, मला तिला उत्तर द्यायचे आहे.