आधी माफी, मग जर्सी

गैरवर्तन केलेल्या गुणी फुटबॉलपटूला क्लबने घ्यावं का, यावर काहीजण म्हणतात, ‘मैदानाबाहेर तो काय करतो याच्याशी क्लबला काय देणंघेणं, गोल मारतो ना?’ हे मत मला अजिबात पटत नाही. पण अशा खेळाडूला दारातही उभं करू नये, हेही टोकाचंच. इटलीचा स्ट्रायकर पाओलो रॉसी याच्यावर मॅच फिक्सिंगच्या प्रकरणात बंदी असतानाच युव्हेंटस या इटालियन क्लबने त्याला १९८१ मध्ये घेतलं. बंदी पुरी करूनच तो मैदानात उतरला आणि १९८२ च्या विश्वचषकात त्याने ६ गोल मारले.

ज्याला इजा झाली त्याचं काय, हे मात्र कुणीच विचारत नाही. आमच्या गोव्यातल्या डिचोलीकडे भातकापणी झाली की शेतातच गोलपोस्ट उभे राहतात. तिथला एक फार गुणी स्ट्रायकर. रेफ्रीवर हात उचलला म्हणून कुणी त्याला घेत नव्हतं. आमच्या कोचने घेतला, पण आधी रेफ्रीच्या घरी नेऊन, त्याच्या बायकामुलांसमोर माफी मागायला लावली. वर दोन महिने नुसता सराव. पोरगा रोज सगळ्यांच्या आधी येऊन चुन्याच्या रेघा मारायचा, कोपरापर्यंत पांढरा व्हायचा. त्याच्या पहिल्या सामन्याला शिट्टी त्याच रेफ्रीने वाजवली.