मदत हवी आहे: हिचकॉकचा 'रिअर विंडो' मुलांना कसा दाखवू?

नमस्कार मंडळी. आमच्या कॉलेजच्या फिल्म क्लबात आल्फ्रेड हिचकॉकचा 'रिअर विंडो' (1954) दाखवायचा आहे. पन्नासहून जास्त चित्रपट केलेल्या या माणसाचा हा मला सगळ्यात आवडता.

पाय प्लास्टरमध्ये असलेला फोटोग्राफर जेफ खिडकीत बसून समोरची घरं न्याहाळतो आणि कॅमेरा जवळजवळ पूर्ण वेळ त्याच्याच खोलीत राहतो. समोरच्या थॉरवाल्डने बायकोचा खून केल्याचा जेफला संशय आहे. जेफची मैत्रीण लिसा त्या थॉरवाल्डच्या घरात पकडली जाते, तेव्हा ती हात पाठीमागे घेऊन बोटातली त्याच्या बायकोची अंगठी जेफला दाखवते. थॉरवाल्डला ते कळतं, तो मान वर करतो आणि थेट आपल्याकडे बघतो! प्रत्येक वेळी अंगावर काटा येतो.

मला अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. शेजाऱ्यांचा कुत्रा मेलेला सापडतो तेव्हा कॅमेरा खोली सोडून अंगणात उतरतो, शेजाऱ्यांचे चेहरे जवळून दिसतात. नेमका इथेच हिचकॉकने नियम का मोडला असावा? तुम्ही हे कसं समजावाल?

शिवाय पार्श्वसंगीताऐवजी बहुतेक आवाज आवारातलेच आहेत: पियानो, रेडिओ, रहदारी. हे मुलांच्या कानावर ठसवायला कोणता प्रसंग आधी ऐकवू? ज्यांनी हा चित्रपट शिकवलाय त्यांनी जरूर सांगा.