रक्ताच्या स्लाइडसाठी कॅमेरा: मेगापिक्सेलच्या आधी रंग बघा

एकाने विचारलंय की मायक्रोस्कोपमधून रक्ताच्या स्लाइडचे फोटो काढायला ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा घ्यावा की १८ चा. मी म्हणेन, ५ चा घ्या आणि वाचलेले पैसे चांगल्या ॲडॅप्टरवर, म्हणजे कॅमेरा मायक्रोस्कोपला जोडणाऱ्या भिंगाच्या नळीवर घाला.

४० पटीच्या, ०.६५ एनएच्या (एनए म्हणजे भिंग किती बारकावे दाखवू शकतं त्याचा आकडा) भिंगातून साधारण अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अंतरावरचे ठिपके जेमतेम वेगळे दिसतात. ०.५ पटीच्या ॲडॅप्टरमधून तेच अंतर सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपवर) २० पट, म्हणजे १० मायक्रॉन होतं. ५ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातल्या २.२ मायक्रॉनच्या पिक्सेलला ते सहज टिपता येतं. रंगीत सेन्सरवर प्रत्येक पिक्सेलवर एका रंगाची गाळणी असते: निम्म्या हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या (कोडॅकच्या ब्राइस बायर यांचं १९७६ चं पेटंट), म्हणजे लाल पिक्सेल ४.४ मायक्रॉनवर एक. तरी भागतं. भिंगानेच जे दाखवलं नाही, ते आणखी बारीक पिक्सेल कुठून आणणार?

खरा घोळ रंगात होतो. लिशमन (रक्ताच्या पेशी रंगवायचा रंग) लावलेल्या स्लाइडवर ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं काय ते कॅमेऱ्यानेच ठरवायची सोय, चालू ठेवून बघा. जांभळ्या केंद्रकांच्या पांढऱ्या पेशी दाटीने आल्या की मागची पांढरी जागा पिवळट होते, आणि स्लाइड जरा सरकवली की पुन्हा बदलते. इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींचे नारिंगी दाणे मग ओळखायचे कसे? म्हणून दिव्याचा प्रकाश ठरवून घ्या, स्लाइडच्या कोऱ्या जागेवर एकदा व्हाइट बॅलन्स करा आणि तो लॉक करा. एक्स्पोजरही हातानेच.

विकत घेण्याआधी दुकानदाराकडे आपली स्वतःची स्लाइड घेऊन जा. त्यांच्या नमुन्याच्या स्लाइडवर सगळेच कॅमेरे छान दिसतात.