छोट्या कर्जाने गरीब ग्रामीण घराचे उत्पन्न खरोखर वाढते का?

प्रश्न :
१९८३ साली बांगलादेशात ग्रामीण बँक उभी राहिली, २००६ मध्ये मुहम्मद युनूस आणि त्या बँकेला नोबेल शांतता पुरस्कार मिळाला, आणि विनातारण कर्ज मिळाले की गरीब घर वर येते ही समजूत पक्की झाली. दुसरीकडे, एकाचा हप्ता भरण्यासाठी दुसऱ्याकडून उचल घेणारी कुटुंबेही दिसतात. मग उत्पन्नावर होणारा परिणाम कोणी नीट मोजला आहे का?

प्रतिसाद १ :
मोजला आहे. बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को येथील सहा अभ्यास २०१५ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. त्यांतला भारतातील अभ्यास हैदराबादच्या वस्त्यांचा असल्यामुळे आपल्या प्रश्नाला मोरोक्कोच्या खेड्यांचा अधिक उपयोगी आहे. तिथे कर्ज घेतलेल्या घरांनी जनावरे आणि शेती यांत जास्त पैसा घातला, त्यातून नफाही वाढला. पण त्याच घरांतील माणसे मजुरीला कमी जाऊ लागल्यामुळे एका हाताने आलेले दुसऱ्या हाताने गेले आणि घरखर्चात वाढ दिसली नाही. सहाही ठिकाणी गरिबी हटल्याचे आढळले नाही, हे मान्य करायलाच हवे.

प्रतिसाद २ :
माझ्या मते दोष कर्जापेक्षा हप्त्याच्या वेळापत्रकात जास्त आहे. कर्जातून शेळी घेतली, तर करडू विकण्याजोगे व्हायला कित्येक महिने जातात, आणि हप्ता मात्र आठवड्या-दोन आठवड्यांतच सुरू होतो. म्हणून अनेक बायका हाती आलेल्या रकमेतलेच काही पैसे पहिल्या हप्त्यांसाठी डब्यात बाजूला ठेवतात. म्हणजे ज्या पैशावर व्याज चालू आहे, तो कामाला लागतच नाही. कोलकात्यातील एका प्रयोगात पहिला हप्ता दोन आठवड्यांऐवजी दोन महिन्यांनी घेतला, तेव्हा व्यवसायातील गुंतवणूक वाढली आणि सुमारे तीन वर्षांनंतरही नफा जास्त राहिला. थकबाकीही वाढली, आणि संस्था सवलत द्यायला कचरतात त्या याच भीतीने.

प्रतिसाद ३ :
वरील दोघांशी सहमत असूनही एक बाजू राहिली असे वाटते. २०१० मध्ये वसुलीच्या जाचाच्या तक्रारी आणि आत्महत्या यांनंतर आंध्र प्रदेश सरकारने अशी छोटी कर्जे देणाऱ्या संस्थांवर निर्बंध घालणारा अध्यादेश काढला, तिथली परतफेड थांबली, आणि ज्या संस्थांचा पैसा तिथे अडकला त्यांना इतर राज्यांतही हात आखडता घ्यावा लागला. त्या राज्यांतील ज्या जिल्ह्यांत अशा संस्थांचे कर्जवाटप अधिक होते, तिथे शेतमजुरीचे दर आणि घरांचा खर्च दोन्ही खाली आल्याचे नंतरच्या अभ्यासात दिसले. म्हणजे ज्या भूमिहीन मजुराने कधी कर्जच घेतले नव्हते, त्यालाही झळ बसली. घराघरांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत हे सहजासहजी पकडले जात नाही.

प्रश्नकर्ता :
सर्वांचे आभार. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार घरातील सर्व कर्जांचे मिळून हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होऊ नयेत. परंतु ज्या घराचे उत्पन्न सुगीला येते आणि पुढचे चार महिने जवळजवळ काहीच येत नाही, त्याचे ‘मासिक उत्पन्न’ कोणत्या महिन्याचे धरायचे?